इंदिरानगरातली घामाची खोली

मे महिन्यात सारं नाशिक पंख्याखाली बसलेलं असतं. अशा दिवसांतही मुद्दाम जाळ घालून आणखी तापवली जाणारी खोली तुम्ही कधी पाहिली आहे का, मित्रांनो? ती मी. इंदिरानगरातल्या एका बैठ्या बंगल्यामागे, पेरूच्या झाडाशेजारी मी उभी आहे. पुस्तकात मला सॉना म्हणतात. कॉलनीतली मुलं मला घामाची खोली म्हणतात. मला हेच नाव जास्त आवडतं, कारण त्यात माझं काम सांगितलेलं आहे.

माझ्या फळ्या इथल्या नाहीत. फार थंड मुलखातली ती पाइनची झाडं. त्यांच्या फळ्यांची खोकी झाली, खोक्यांत यंत्रांचे भाग भरले गेले आणि बोटीतून, मालगाडीतून ती ओझरच्या विमान कारखान्यात आली. भाग बाहेर निघाले आणि खोकी भंगारात पडली. त्या कारखान्याच्या सुतारखात्यात देवरामकाका काम करीत. भंगारातल्या फळ्या लोक जळणाला नेत, आणि काकांना ते पाहवत नसे. फळीला नाक लावून ते म्हणायचे, "इतकं सरळ लाकूड, आणि चुलीत?"

१९९७ साली काका निवृत्त झाले. जाताना टेम्पोभर फळ्या रीतसर विकत घेऊन आले. पूर्वी एका परदेशी इंजिनिअरने त्यांना हातवारे करून, कागदावर रेघा ओढून एक गोष्ट सांगितली होती. त्याच्या गावी घराघरामागे एक लाकडी खोली असते. ती तापवायची, आत बसून घाम गाळायचा, बाहेर येऊन गार पाणी अंगावर घ्यायचं आणि मग निवांत पडायचं. ती गोष्ट काकांच्या डोक्यातून कधी गेलीच नाही.

ललिताकाकूंनी मात्र कपाळावर हात मारला. "अहो, निवृत्त झाल्यावर माणसं देवघर करतात, झोपाळा करतात. तुम्ही भट्टी बांधताय!"

"भट्टी नाही गं. घाम काढायची खोली."

"घाम काढायला खोली कशाला? दुपारी गच्चीवर जाऊन उभे राहा. फुकटात निघेल."

काकांनी हसून रंधा हातात घेतला. माझा जन्म असा चेष्टेत झाला. पण काम त्यांनी चेष्टेवारी नेलं नाही. आतल्या बाजूला एकही खिळा उघडा ठेवला नाही, कारण लोखंड तापून अंगाला चटका देतं आणि लाकूड देत नाही. बाकाच्या सगळ्या कडा गोल केल्या. कोपऱ्यात जाड पत्र्याची शेगडी बसवली. तिचं तोंड बाहेरच्या बाजूला आणि धुराडं छपरावर, म्हणजे धूर आत येणार नाही. शेगडीवर रचायला ते गोदावरीच्या पात्रातले गोटे घेऊन आले. इथे मात्र चुकलं. नदीतल्या गोट्याच्या बारीक भेगांत पाणी मुरलेलं असतं. ते तापलं, त्याची वाफ झाली, वाफेला वाट मिळेना आणि एक गोटा फटकन फुटला. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"दिवाळीला अवकाश आहे ना अजून?"

काकांनी ते गोटे बागेच्या कडेला लावले आणि खाणीतला कोरडा काळा दगड आणला. जळणाला द्राक्षबागेच्या छाटणीतल्या काड्या आणल्या. आपल्या भागात त्यांना कमतरता नाही. पहिल्यांदा नीट तापले तेव्हा माझ्या फळ्यांतून डिंकाचा वास सुटला. आपण झाड होतो हे मला त्या दिवशी आठवलं.

मुलं मला नेहमी एक प्रश्न विचारतात. आतलं तापमान सत्तर-ऐंशी अंशांवर जातं, मग माणूस भाजत कसा नाही? ऐंशी अंशांच्या पाण्यात बोट घातलं तर फोड येईल! प्रश्न चांगला आहे. उत्तर असं, की हवा विरळ असते. पाण्याच्या मानाने ती अंगाला फार हळू उष्णता देते. शिवाय माझी हवा कोरडी असते, म्हणून घाम येतो तसा उडून जातो आणि जाताना कातडीची उष्णता घेऊन जातो. दगडांवर तांब्याभर पाणी टाकलं की हवा दमट होते, घाम उडायचा थांबतो, आणि त्याच खोलीत एकदम जास्त तापल्यासारखं वाटतं. थर्मामीटर मात्र जागचा हलत नाही. मला याची अजूनही गंमत वाटते.

ही सगळी माहिती मी तृप्तीकडून ऐकली. तृप्ती ही काकांची मुलगी. तेव्हा ती पुण्याला फिजिओथेरपी शिकत होती आणि सुटीत घरी आली की मला तपासायची. माझ्या आत बसून ती स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवी आणि नाडी मोजी. भराभर चालल्यावर वाढतात तेवढे ठोके नुसतं बसून वाढतात, कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद होतात आणि हृदयाला जास्त रक्त फिरवावं लागतं. आखडलेले स्नायू सैल पडतात. बाहेर आल्यावर शरीर निवत जातं आणि डोळ्यांवर झापड येते. ती झोप फार गाढ असते, असं सगळेच सांगतात.

पण माझ्या नावावर खोटं श्रेय तिने कधी खपवून घेतलं नाही. शेजारच्या बंगल्यातले एक गृहस्थ माझ्यात बसायच्या आधी आणि नंतर वजनकाट्यावर उभे राहिले आणि ओरडले, "एक किलो गेलं! चरबी वितळली!"

तृप्तीने त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "काका, हा प्या आणि परत उभे राहा. चरबी नाही, पाणी गेलं. ते परत आलंच पाहिजे."

"आणि अंगातली घाण?"

"घामात मीठ आणि पाणी असतं. बाकीच्या साफसफाईला मूत्रपिंडं आहेत. त्यांना सुटी नाही मिळत."

हृदयाचा आजार असलेल्यांना, गरोदर बायकांना, डोकं गरगरणाऱ्यांना ती सरळ सांगे: आधी डॉक्टरांना विचारा, मग या. आणि प्रत्येकाला एक नियम होता. दाराशी काकू तांब्याभर पाणी घेऊन उभ्या असायच्या. ते प्यायल्याशिवाय आत सोडायच्या नाहीत.

हो, काकू! चेष्टा करणाऱ्या काकूच आता माझ्या दाराशी असत. त्याचं श्रेय कुरडयांना आहे. एका श्रावणात त्यांच्या कुरडया दमटल्या. काका अंघोळीला गेल्यावर मी अजून ऊबदार होते, तेव्हा काकूंनी परात हळूच माझ्या बाकावर ठेवली. तासाभराने कुरडया कडकडीत! मग परात ठेवता ठेवता त्या स्वतःही बसू लागल्या. काही दिवसांनी शनिवारची दुपार बायकांची ठरली. मंगळसूत्र काढून ठेवायला कुणी तयार नव्हतं आणि सोनं तर चटकन तापतं. मग ओला पंचा गळ्याभोवती घेऊन त्या मंगळसूत्र झाकून बसायच्या. माझ्या भिंतींनी त्या शनिवारांत इतक्या सासवा-सुनांच्या कथा ऐकल्या, की विचारू नका.

नवसाबाई त्याच काळात आल्या. त्यांचा पाथर्डी गावाकडे झेंडूचा आणि शेवंतीचा मळा. नवरा सावळीराम त्यांना पहाटे मोपेडवरून इंदिरानगरात सोडी आणि त्या घरोघरी पूजेच्या पुड्या देत. वर्षानुवर्षं एकाच बाजूला पाटी वाहून, वाकून फुलं तोडून त्यांचा उजवा खांदा धरला होता. हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, पण हात उचलला की कळ येई, म्हणून त्या व्यायाम टाळत आणि खांदा आणखी आखडे.

दुखण्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांचं दुःख वेगळंच होतं. त्यांना स्वतःचा अंबाडा स्वतः घालता येत नव्हता.

"सून घालती," त्या काकूंना म्हणाल्या, "पण घालताना केस असे वढती, वहिनी, का मागच्या चार वरसांचा राग एका अंबाड्यात काढती. मला माझ्या हातानं घालायचा हाय. बास. दुसरं काय मागणं नाय."

त्यांची ही इच्छा मला तेव्हापासून माझीच वाटू लागली. तृप्तीने एक युक्ती काढली. मला बेताचंच तापवायचं. नवसाबाईंनी थोडा वेळ नुसतं बसायचं, खांदा सैल पडला की माझ्या भिंतीशी उभं राहायचं आणि बोटं एकेका फळीवरून वर चालवत न्यायची. मुंगी चढते तशी.

"दुखलं की थांबायचं, मावशी. भिंत कुठे पळून जात नाही."

"मी जाईन ना पळून," नवसाबाई दात आवळून म्हणत आणि बोटं पुढे सरकवत.

त्यांची खरबरीत, झेंडूच्या रसाने पिवळी झालेली बोटं माझ्या फळ्यांवरून चढायची ते मला कळायचं. सुरुवातीला ती छातीपाशीच थांबत. काही महिन्यांनी हनुवटीपर्यंत, मग कानापर्यंत आली. मी लाकडाची आहे, पण वर सरकणाऱ्या त्या बोटांची मी वाट पाहायचे.

आणि मग २००१ सालची हरितालिका आली.

हा बायकांचा निर्जळी उपवास, हे तुम्हाला माहीत असेल. दिवसभर अन्न नाही की पाणी नाही. फुलंवाल्यांसाठी मात्र तो सगळ्यात धावपळीचा दिवस. नवसाबाई पहाटेपासून फुलं आणि पत्री विकत फिरल्या आणि दुपारी काकूंच्या पायरीवर टेकल्या. खांदा ठणकत होता. काका रोजच्याप्रमाणे माझ्यातून नुकतेच बाहेर आले होते.

"अजून गरम आहे. बसून जा थोडं," काकू मायेने म्हणाल्या. "आज रात्री जागरण आहे. खांदा मोकळा होईल."

तृप्ती पुण्याला होती. काकूंनीही त्या दिवशी पाण्याला स्पर्श केला नव्हता, त्यामुळे रोजचा तांब्या बाहेर आलाच नाही. त्याची आठवण दोघींनाही झाली नाही. व्रताच्या दिवशी पाणी विचारत नाहीत, इतकी ती सवय मुरलेली. नवसाबाई आत आल्या आणि बसल्या. मग भिंतीशी उभ्या राहिल्या, बोटं वर नेली, आणि त्यांची बोटं माझ्या फळ्यांवरून खाली घसरली.

धप्पकन आवाज झाला. काका-काकू धावत आले. दोघांनी त्यांना उचलून पेरूच्या सावलीत आडवं केलं, पायांखाली पाट सरकवला, ओल्या पंच्याने कपाळ पुसलं. नवसाबाईंनी डोळे उघडले. काकांनी तांब्या ओठांशी नेला, तर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"नाय... उपास मोडंल."

"अहो नवसाबाई, जीव जाईल!"

त्यांनी मान वळवली. सौभाग्याचं व्रत. ते मोडलं आणि उद्या घरधन्याला काही झालं तर? ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. काका हतबल होऊन बघत राहिले.

तेव्हा काकूंनी त्यांच्या हातातून तांब्या घेतला. लग्नापासून एकही वर्ष न चुकवलेलं व्रत त्यांचंही होतं. त्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि घटाघट दोन घोट घेतले.

"हा घे. मोडला माझा," त्या हनुवटी पुसत म्हणाल्या. "आता काय व्हायचं ते दोघींना मिळून होईल. पी मुकाट्यानं."

नवसाबाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग तोंड उघडलं.

अर्ध्या तासात त्या उठून बसल्या. डॉक्टरांनीही काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं. सावळीराम त्यांना न्यायला आला. तो काही वाईट बोलला नाही, मोपेडला किक मारताना एवढंच म्हणाला, "उन्हातान्हात राबती ते कमी हाय का, का अजून भट्टीत बसती?" ते ऐकून काकांचा चेहरा उतरला. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या दाराला कुलूप लावलं.

मित्रांनो, बंद खोलीला काय वाटतं ते थोडक्यात सांगते. पहिल्या हिवाळ्यात मी रोज वाट पाहिली. मग माझ्यात जुन्या गाद्या आल्या, सायकलचं चाक आलं, एक गंजलेला कूलरही आला. गरम खोलीत कूलर! एरवी मी हसले असते. पावसाळ्यात दार न उघडल्यामुळे ओल धरली आणि माझ्या खालच्या फळ्यांवर बुरशी आली. काका माझ्याकडे पाठ करून पेरू तोडायचे. रागावले होते ते स्वतःवर, पण सोसायला मी होते.

पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला काकांनी अंगणात हत्यारं पूजेला मांडली. रंधा, पटाशी, करवत आणि शेजारी एक नवी पहार. शिक्षण पूर्ण करून घरी आलेली तृप्ती ओट्यावर आपट्याची पानं निवडत होती. नवसाबाई झेंडू घेऊन आल्या. दाराला तोरण बांधायला त्यांनी हात उचलला आणि तो मध्येच थांबला. खांदा पुन्हा धरला होता. काकूंनी मुकाट्याने तोरण त्यांच्या हातून घेतलं.

नवसाबाईंची नजर पूजेवर गेली. "दादा, पहार कधीपासून सुताराची झाली?"

"उद्या लागणार आहे," काका खाली बघत म्हणाले. "खोली पाडतोय."

माझ्या फळ्या आतून आखडल्या.

नवसाबाईंनी पाटी खाली ठेवली. "पाडायची तर पाडा, दादा. तुमची खोली हाय. पण माझ्या नावावर नका पाडू."

"तुमच्या नावावर कुठे—"

"मग कोनाच्या? अवघी कॉलनी म्हनंल, नवसाबाई आत पडली म्हनून खोली पाडली. मी पान्यावाचून पडले. मळ्यात पडले असते तर मळा पेटवून दिला असता का तुम्ही?"

तृप्ती हळूच म्हणाली, "बाबा, कारखान्यात काही बिघडलं तर तुम्ही लोक आधी कारण शोधायचात. इथे तुम्ही थेट कुलूप लावलंत."

"कारण मला माहीत आहे," काकू तोरण बांधता बांधता म्हणाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "त्या दिवशी मी तांब्या बाहेर आणला नाही. मीच पाण्याला शिवले नव्हते, तर तिला विचारायचं कसं सुचणार? वर्षभर हे सांगेन सांगेन म्हणत होते. तुम्ही विषयच काढू दिला नाहीत."

मग काकांनी ताटातलं एक फूल उचलून पहारीवर ठेवलं आणि पूजा पुरी केली. त्यांनी काय ठरवलं ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरोखरच पहार घेऊन आले. कुलूप निघालं. गाद्या, चाक, कूलर सगळं बाहेर गेलं. पहारीचं टोक माझ्या दाराच्या फळ्यांत शिरलं, कर्रर्र आवाज झाला आणि एक फळी निघाली. मी दुसरीची वाट पाहत राहिले. पण काकांनी पहार भिंतीला टेकवली आणि त्या रिकाम्या जागेत काचेची पट्टी बसवायला घेतली. आत बसलेलं माणूस आता बाहेरून दिसणार होतं. दुपारपर्यंत दाराशी विटांचा ओटा झाला आणि त्यावर पाण्याचा माठ बसला. संध्याकाळी काकूंनी खडूने दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: उपास असेल त्याने आज आत येऊ नये. पुढे काकांनी तीच अक्षरं रंगाने पक्की केली.

बुरशी घासून काढली, मला दोन दिवस नुसती हवा दिली आणि मग द्राक्षाच्या काड्या पेटल्या. त्यानंतरच्या शनिवारी नवसाबाई माठातलं पाणी पिऊन आत आल्या. बोटं पुन्हा खालच्या फळीपासून चढू लागली. या वेळी काचेपलीकडे काकू बसलेल्या असत.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नवसाबाई बाहेर आल्या, गार पाणी अंगावर घेतलं आणि पायरीवर बसून काकूंना मळ्यातलं काहीतरी सांगू लागल्या. बोलता बोलता त्यांनी ओले केस पिळले, दोन्ही हात मागे नेले, पीळ दिला आणि गाठ मारली.

"नवसाबाई," काकू म्हणाल्या, "हात कुठे आहेत तुझे?"

नवसाबाई थबकल्या. दोन्ही हात डोक्यामागेच होते. "अगं बाई!" त्या म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या की काका काय झालं ते बघायला बाहेर आले. "आता सुनंला सांगते," नवसाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुझी नोकरी गेली."

यात माझं श्रेय किती, व्यायामाचं किती आणि नुसत्या गेलेल्या काळाचं किती, हे तृप्तीलाही नेमकं सांगता येत नाही. असे खांदे पुष्कळदा आपोआपही सुटतात, असं ती म्हणते. श्रेय वाटून घ्यायला माझी हरकत नाही. मी औषध नाही. थकलेल्या अंगाला थोडा वेळ सैल सोडणारी एक जागा आहे, एवढंच.

आता २००९ साल चालू आहे. शहरात फरशीच्या चकचकीत वाफेच्या खोल्या झाल्या आहेत. माझ्या फळ्या काळवंडल्या आहेत, पण शनिवारी माझ्यात गर्दी असते आणि मी समाधानी आहे. मला फार काही नको. वापर झाला की दार उघडं ठेवा, म्हणजे मी वाळेन. बाक ओल्या फडक्याने पुसा, साबण लावू नका. आत किती वेळ बसता याची शर्यत लावू नका. डोकं हलकं वाटलं की बाहेर या.

आणि आत येणाऱ्याला आधी पाणी विचारा. आपल्याकडे माणसं पहिल्यांदा विचारलं की नको म्हणतात, मित्रांनो. तुम्ही दुसऱ्यांदा विचारा.